विहिणीची वाकळ

माघाच्या थंडीत ईटकडच्या रानात पहाटे उठायचं म्हणजे जिवावर येतं. बालाघाटाच्या माथ्यावरून वारं सुटतं, शाळूची पानं दवानं वाकून जातात, आणि अंगणात ऊन आल्याशिवाय गडीमाणसंसुद्धा तोंड धुवायला मागत नाहीत. अशा थंडीत द्वारकाबाई रोज दिवस उगवायच्या आत आपलं अंथरूण कुंपणावर वाळत टाकत होती. चोरून टाकायची बिचारी. पण खेडेगावात चोरून काय होतं? शेजारणीला दिसणार नाही असं कुंपण आमच्याकडं अजून कुणी घातलेलं नाही.

"काय ग द्वारका," शेजारच्या राजेश्वरीनं उकिरड्यावर राख टाकता टाकता विचारलंच, "रोजच्या रोज काय वाळू घालायलीस? तुझ्या घरात तान्हं लेकरू तर न्हाय अजून. मंग वलं कोन करायलंय?"

द्वारकाबाई एकोणपन्नास वर्षांची, अंगानं भरलेली, कामाला वाघ. पण खोटं बोलायचं म्हटलं की गडबडणार. तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाईचं हाय. म्हातारपन हाय, व्हतं कवा कवा."

आत्याबाई म्हणजे तिची सासू सिताबाई. अठ्ठ्याहत्तरी गाठलेली, डोळ्यांनी अधू, पण कान असे की अंगणापल्याडच्या सपरात शेरडानं पाला ओढला तर ओसरीत बसून सांगायची, काळीनं ओढला का पांढरीनं.

"कुनाचं ग? माझं?" म्हातारी आतून कडाडली. "ये ग राजेश्वरी, ये. हात लावून बघ माझ्या घोंगडीला. कोरडी ठक्क हाय! एवढी जिंदगानी गेली, अंथरुनात थेंब सांडला न्हाय म्या. आन ही माझं नाव घेती व्हय?"

राजेश्वरीनं तोंडाला पदर लावला आणि हसत घरात पळाली. द्वारकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हिकडं ये," सिताबाईनं सुनेला पुढं बसवलं. "आता खरं सांग. कुनाचं हाय ते?"

"माझंच."

"ह्या वयात अंथरुनात मुतायलीस?"

"न्हाय वो आत्याबाई. घाम हाय त्यो."

"माघात घाम?"

"रातचं दोन-अडीचला जाग येती. पोटातनं कायतरी वर चढतं. छातीत, मानंत, कानामागं. भट्टीपुढं बसल्यावानी व्हतं. मंग घाम फुटतो, झंपर पिळून काढावा इतका. आन घाम गेला की हुडहुडी भरती, दात वाजत्यात."

म्हातारीचा पान कुटायचा हात थांबला. "कवापासनं?"

"पोराच्या लगनापासनं."

"म्हंजी सुनंच्या माहेरची वाकळ अंगावर घेतल्यापासनं म्हन की."

हा विचार द्वारकाबाईच्या मनात पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेला होता, आणि तो कुणी बोलून दाखवू नये म्हणून ती देवाला हात जोडत होती.

तिच्या पोराचं, युवराजचं लग्न मार्गशीर्षात झालं होतं. पोरगी मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची, लोहाऱ्याच्या अंगाची. करिश्मा तिचं नाव. बारावी शिकलेली, हसतमुख, बोलण्यात मधूनच कानडी हेल. आंदणात जाडजूड फोमची गादी आली, वाघाचं चित्र असलेलं केसाळ ब्लँकेट आलं, आणि पोरीची आई बानूबाई हिनं विहिणीसाठी म्हणून हातानं शिवलेली एक वाकळ आली. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर मुंगीच्या रांगेसारखा बारीक धावदोरा. लग्नात बायकांनी ती हातोहात फिरवून बघितली होती.

युवराज उसाच्या ट्रॅक्टरवर कळंबकडं गेला तेव्हा गादी आणि ब्लँकेट आईच्या खोलीत टाकून गेला. "आई, तुझी कंबर दुखती, तूच घे," म्हणाला. द्वारकाबाईला कोण आनंद झाला! खाली गादी, अंगावर वाकळ, वाकळीवर वाघ, दार-खिडकी घट्ट बंद. आयुष्यात पहिल्यांदा ती एवढ्या थाटात झोपली, आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा भिजून उठली.

त्या दिवशी सासूनं वाकळ काढून ओसरीच्या कोपऱ्यात टाकायला लावली. "आता बघ, लागंल डोळा," म्हणाली. पण नुसत्या ब्लँकेटखाली तर त्या रात्री दुप्पट त्रास झाला. सगळं अंग तापलं आणि पाठीखालची गादी तव्यासारखी झाली. दुसऱ्या रात्री तिनं घोंगडी घेऊन बघितली. ती घामानं अंगाला टोचायला लागली. तिसऱ्या रात्री गादी सोडून नुसत्या चटईवर पडली. घाम आटल्यावर खालचा गारवा हाडात शिरला आणि ती उजाडेपर्यंत पाय पोटाशी घेऊन कुडकुडत राहिली. झोप अशी नाहीच. दिवसा शाळू राखायला गेली की बांधावर बसल्या बसल्या मान पडायची, आणि पाखरं कणसावर बसायची.

"वाकळ अंगावरनं काढली म्हनून चिडलंय ते," सिताबाई म्हणाली. "असंच असतंय. मला ठावं हाय."

तिला ठाऊक होतं, हे खरं. आणि द्वारकाबाईला नेमकं त्याचंच भ्या वाटत होतं.

गरमीचं तिला एवढं काही नव्हतं. भीती होती ती ओल्या अंगाची. अर्ध्या रात्री जाग यायची तेव्हा केस मानेला चिकटलेले असायचे, लुगडं पायांना लपेटलेलं असायचं, आणि खोलीत गार पाण्याचा, शेवाळाचा वास आहे असं वाटायचं. पायाशी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. ती दिवा लावायची नाही. दिवा लावला आणि खरंच कुणी असलं तर काय करायचं? कोण असेल ते तिला माहीत होतं. ती शरणम्मा होती, तिची थोरली जाऊ, एकोणतीस वर्षांपूर्वी मळ्यातल्या विहिरीत मेलेली. तिला वर काढली तेव्हा असेच तिचे केस मानेला चिकटलेले होते आणि असंच लुगडं पायांना लपेटलेलं होतं.

त्या घरात शरणम्माचं नाव कुणी घेत नसे. तिचा नवरा गोरोबा त्याच साली घर सोडून कारखान्याच्या गावी गेला तो परत आलाच नाही.

शुक्रवारी दुपारी द्वारकाबाई रानातून आली तेव्हा ओसरीत सिताबाई ती वाकळ मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपत होती. काठ, मधला भाग, एक कोपरा, दुसरा कोपरा. तिसऱ्या कोपऱ्यावर तिची बोटं थांबली.

"हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "हात लाव."

द्वारकाबाईनं हात लावला. कापडाच्या थरांत काहीतरी कडक, सुपारीएवढं, शिवून टाकलेलं होतं. बाजूला बारीक बारीक दाणे लागत होते. तिनं हात झटकन मागं घेतला.

"करनी हाय," म्हातारी म्हणाली. "तवा बी अशीच हुती. शरनीच्या वाकळंत, अशीच कोपऱ्याला. ती बी त्याच अंगाची. म्या रोज रातचं जळत हुते, तुला आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. सगळं आठवत होतं. सासू रात्री-अपरात्री ओरडत उठायची, अंगावर तांब्यानं पाणी ओतून घ्यायची, आणि थोरल्या सुनेच्या नावानं बोटं मोडायची. मग एक दिवस शरणम्माच्या माहेरच्या वाकळीत ही गाठ सापडली.

नवरा बिरदेव घरी आल्यावर बैठक बसली. बिरदेव भला माणूस. पण आईपुढं आजवर त्यानं तोंड म्हणून उघडलेलं नव्हतं. वाकळ बघून त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

"मंग काय करावं म्हनतीस?"

"सकाळच्या यष्टीनं तिला तिच्या माहेरला घालवा," सिताबाई म्हणाली. "आन आजची रात ती ह्या छपराखाली नको. सपरात निजू दे. घरातलं एक फडकं तिच्या अंगाला लागू द्यायचं न्हाय."

करिश्मा चुलीपाशी उभी होती. भाकरीचं पीठ हातालाच वाळत चाललं होतं. "आज्जी, म्या काय केलं?" एवढंच तिनं विचारलं. तिनं नवऱ्याला फोन लावला. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज आणि युवराजचा आवाज एकातच आला. "आई काय म्हनती? आई म्हनंल तसं कर."

तिनं फोन ठेवला आणि सासूकडं बघितलं. द्वारकाबाईनं मान खाली घातली. सून अशी माहेरी गेली तर परत येणार नव्हती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. करणी करणारी म्हणून तिचं नाव तिच्याआधी लोहाऱ्याला पोचलं असतं. पोरीच्या जन्माची माती झाली असती. द्वारकाबाईच्या एका शब्दानं हे थांबलं असतं. तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

रात्री ती वाघाच्या ब्लँकेटखाली पडून राहिली. बाहेर वारं सुटलं होतं आणि सपराचा पत्रा मधूनमधून वाजत होता. दोनच्या सुमाराला पोटातून ते वर चढायला लागलं. छाती, मान, कान. आपण इथं जळतोय आणि पोरगी तिथं काकडतेय, हे तिला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. घामानं केस भिजले. शेवाळाचा वास आला. आणि पायाशी कुणीतरी अगदी हळू बोललं, "द्वारका, अंगावर घ्यायला कायतरी दे ग."

हे शब्द नवे नव्हते. एकोणतीस वर्षांपूर्वी पौषातल्या रात्री ते दाराबाहेरून आले होते. शरणम्माला तेव्हाही असंच सपरात घातलं होतं, अंगावर काही न देता. मध्यरात्री तिनं धाकट्या जावेच्या दाराला हलकेच थाप मारली. द्वारकाबाई तेव्हा वीस वर्षांची. घरात येऊन दोन वर्षं झालेली. ती जागी होती. अंगावर दोन-दोन पांघरुणं होती. पण सासू ऐकेल या भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं. थाप दोनदा आली, मग आली नाही. सकाळी शरणम्मा विहिरीत सापडली. तिनं उडी टाकली, का मळ्यातल्या कोपीत आसरा बघायला जाताना अंधारात पाय चुकला, हे कुणालाच कधी कळलं नाही.

द्वारकाबाई ताडकन उठली. ओसरीत येऊन तिनं कोपऱ्यातली वाकळ उचलली आणि अनवाणी अंगण ओलांडलं. बाहेरचं वारं ओल्या अंगाला सुरीसारखं लागलं. सपराच्या तोंडाशी ती थांबली. आत शेरडांच्या मधोमध कुणीतरी बसलं होतं. डोक्यावरून पदर, गुडघ्यावर हनुवटी. हलत नव्हतं.

"शरनू?" तिच्या तोंडून निघालं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

ते हललं. "म्या हाय आत्या. करिश्मा."

द्वारकाबाई तिथंच शेणात बसली. पोरगी उठून आली, तिच्या कपाळाला हात लावला. "अग बया, तुमी तर चिंब भिजल्याव. ह्या वाऱ्यात कशाला आलाव?"

"घे," द्वारकाबाईनं वाकळ तिच्या अंगावर टाकली. "पांघर आधी."

"आज्जी रागवतील."

"रागवू दे. आन मला येक खरं सांग. तुला तुझ्या आईची आन हाय. ह्या कोपऱ्यात काय शिवलंय?"

करिश्मानं कोपरा चाचपला आणि तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. "हे? ह्याच्यापायी मला सपरात घातलं? आत्या, घास हाय की त्यो!"

"कसला घास?"

"वाकळंचा. तुमच्याकडं घालत न्हाईत? आमच्या अंगाला वाकळ शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात पुरनपोळीचा तुकडा आन चार तांदूळ घालत्यात. वाकळ उपाशी ठिवायची न्हाय म्हनत्यात. उपाशी वाकळ पांघरली तर घरात अन्न टिकत न्हाय. लगनाच्या वाकळंत तर घालावाच लागतो, न्हाय तर विहीन म्हनंल, कोरड्या हातानं दिली."

द्वारकाबाईनं कुडात खोचलेला विळा काढला आणि कोपऱ्याचा दोरा तोडला. मोबाइलच्या उजेडात हातावर पडला तो वाळून दगड झालेला पोळीचा तुकडा, हळदीनं पिवळे झालेले चार-पाच तांदूळ. लिंबू नाही, बिब्बा नाही, केस नाही. पोळीला अजून वेलदोड्याचा वास येत होता.

ओटीत घालावं तसलं ते देणं होतं. आणि असलंच देणं घेऊन शरणम्मा या घरात आली होती.

"मंग ही गरमी कशाची ग?" तिनं शेवटी विचारलं. "मरनाची गरमी व्हती मला."

करिश्मा जरा घुटमळली. सासूला असलं कसं विचारायचं? पण विचारलं. "आत्या, तुमची पाळी?"

"गेल्या पोळ्यापासनं न्हाय. त्याच्या आदी बी मागं-म्होरंच हुती."

"मंग तेच हाय. माझ्या आईला दोन वर्सं असंच व्हायलंय. रातची उठून अंगनात येऊन बसायची. आमच्या गावातल्या नर्सताईंनी सांगितलं, पाळी जायच्या वक्ताला व्हतं म्हनून. लई जनीला व्हतं, नुसत्या बोलत न्हाईत. ताईंनी तिला फोमच्या गादीवर निजू नको म्हनलं, ती अंगाची गरमी धरून ठिवती. आन त्या ब्लँकेटमधनं तर वारंच जात न्हाय. सुती पायजे, पातळ पायजे. येकावर येक दोन घ्यायची. गरम झालं की येक लोटायचं, गार वाटलं की वढायचं. खिडकी उघडी, उशाला पान्याचा तांब्या. रातच्याला च्या न्हाय, झणझणीत न्हाय."

"तुझ्या आईला व्हतं?"

"व्हतं म्हनून तर तुमाला पातळ शिवली. जुन्या धुतलेल्या लुगड्यांची. म्हनली, विहीनबाई माझ्याच वयाच्या दिसत्यात, त्यास्नी बी उकडत असंल."

द्वारकाबाईला रडू फुटलं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बसून एका बाईनं तिच्या अंगाची काळजी केली होती, आणि तिच्या लेकीला आपण शेरडांत आणून बसवलं. ती रडली आणि रडता रडता तिनं शरणम्माचं सगळं सांगितलं. दारावरची थापही सांगितली. एकोणतीस वर्षांत ती कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. करिश्मानं ऐकून घेतलं. मग वाकळीचं एक टोक तिच्या अंगावर ओढलं आणि दोघी उजाडेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

सकाळी बिरदेव एसटीच्या वेळेला करिश्माची पिशवी घेऊन अंगणात आला, तर द्वारकाबाई वाटेत उभी.

"पिशवी खाली ठिवा. ती कुठं जायची न्हाय."

"अग पन आई म्हनती..."

"म्या सांगते काय हाय ते. आत्याबाई, तुमी बी ऐका." तिनं पोळीचा तुकडा आणि तांदूळ म्हातारीच्या हातावर ठेवले आणि घास म्हणजे काय ते सांगितलं. मग एक श्वास घेतला. "आन माझी पाळी गेली हाय. त्यापायी मला गरमी व्हती. करनी न्हाय आन भूत न्हाय. बाईची जात हाय म्हनून व्हतंय."

बिरदेव ते ऐकून असा गोंधळला की पिशवी शेळीच्या डोक्यावर ठेवता ठेवता राहिला. "तुमचं चालू द्या," म्हणत तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बैल घरचे विकून तीन वर्षं झाली होती. कुंपणापलीकडं राजेश्वरी राखेची पाटी घेऊन उभी होती. ती मात्र हलली नाही, आणि या खेपेला हसलीही नाही. "मला बी व्हतंय ग द्वारका," ती हळूच म्हणाली. "दिवाळीपासनं."

सिताबाईनं तुकडा नाकाशी नेला, हुंगला, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपला. "काय बी सांगू नका मला," ती म्हणाली. "म्या जळत हुते. म्या खोटं बोलते व्हय?"

"खोटं न्हाय, आत्याबाई. तुमी जळतच हुताव. तवा तुमचं वय काय हुतं?"

म्हातारी तुकडा तसाच चाचपत राहिली.

"मला तवा विसावं हुतं. आज मला एकोनपन्नास हायत आन तुमाला अठ्ठ्याहत्तर. करा हिशेब. आज माझं हाय तेच तुमचं वय हुतं." द्वारकाबाई थांबली नाही. "त्या साली तुमची पाळी गेली हुती का न्हाय?"

असा प्रश्न सुनेनं सासूला विचारलेला त्या अंगणानं कधी ऐकला नव्हता. म्हातारी आता शिव्या घालील, काठी उचलील, असं वाटून करिश्मा मागं सरकली. पण सिताबाईनं काठी उचलली नाही. तिचे ओठ हलत होते, बोटं एकेका पेरावर सरकत होती. पेरं मोजून झाली तशी तिनं हात मांडीवर ठेवला आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. दिवसभर ती जेवली नाही.

संध्याकाळी करिश्मानं कोपऱ्यात नवा तुकडा आणि नवे तांदूळ घालून वाकळ शिवली. फोमची गादी आणि वाघ दोन्ही माळ्यावर गेले. द्वारकाबाईनं खिडकीजवळ बाज टाकली; बाजेवर जुनं सुती लुगडं दुहेरी करून अंथरलं, अंगावर वाकळ, पायाशी आणखी एक धोतराचं पान, उशाला पाण्याचा तांब्या. करिश्मा खाली तिच्या शेजारी झोपली. बाहेर गार पडलं होतं आणि खिडकीतून शाळूच्या रानाचा वास येत होता. महिनाभरानं द्वारकाबाईचा डोळा लागला.

जाग आली ती गरमीनंच. पोट, छाती, मान. तिनं वाकळ बाजूला लोटली, दोन घोट पाणी प्यायली, ओला हात मानेवरून फिरवला. पायाशी कुणी नव्हतं. अंधारात बघायचं धाडस करून तिनं नीट बघितलं. नव्हतंच कुणी. मग ओसरीकडून आवाज आला.

सिताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं अंथरूण उलगडलंच नव्हतं.

"आत्याबाई, निजला न्हाईत?"

म्हातारीनं तिच्याकडं तोंड वळवलं नाही. अंगणाकडं बघत होती; खरं तर तिला अंगण दिसतही नव्हतं.

"शरनीची आई आली हुती मातीला," ती म्हणाली. "तू तवा चुलीपाशी हुतीस, तुला ठावं न्हाय. रडली न्हाय का आरडली न्हाय. माझ्याम्होरं येऊन बसली आन म्हनली, बाई, पोरीची वाकळ तेवढी माघारी द्या."

द्वारकाबाई दारातच उभी राहिली.

"मंग? दिलीव?"

"कुठनं देऊ? जाळली हुती म्या. आदल्या दिसालाच, तिच्या डोळ्यांदेखत."

वारं आलं आणि सपराचा पत्रा वाजला. म्हातारी दचकली. द्वारकाबाईनं जाऊन तिच्या अंगावर घोंगडी टाकली. म्हातारीनं ती काढून ठेवली.

"मंग काय म्हनली तिची आई?"

"काय म्हनंल? उठली आन गेली." सिताबाईनं पाय पोटाशी घेतले. "तू जा. नीज. मला न्हाय आता झोप."